उकळ्या वस्ताद

सर्जेराव वस्ताद माणसाच्या तोंडाकडं आधी बघत नसत. आधी मनगट बघत. नुसतं बघून त्यांचं भागत नसे. दोन बोटांच्या चिमटीत धरून, जरा फिरवून, मंडईत दोडका पारखावा तसं पारखत, मग नजर वर करून निकाल देत. पोस्टमन असो, बँकेतला साहेब असो, लग्नात भेटलेला नवरदेव असो, सगळ्यांना एकच न्याय. माझं मनगट त्यांनी पहिल्या भेटीतच धरलं आणि म्हणाले, "बाई, आवाज दांडगा हाय तुमचा. हाड न्हाई."

मी तेव्हा आहारतज्ज्ञ होते. म्हणजे तसं मला वाटत होतं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यावर शाहूपुरीतल्या घरात करमेना, म्हणून आहारशास्त्राचा एक कोर्स केला, आणि कोर्स केलेल्या माणसाला चढतो तो ताप मलाही चढला. मला सगळं कळायला लागलं. पन्नाशीला टेकलेली बाई, पण चालायची अशी की रस्त्यातल्या लोकांनी बाजूला होऊन विचारावं, कोण बरं ही तरुण विदुषी. आता त्या आजारातून मी बरीच सावरलेय. अधूनमधून कणकण येते, पण नातवंडं ताळ्यावर आणतात.

सरकारी दवाखान्यात एच.आय.व्ही. असलेल्या मुलांसाठी एक केंद्र होतं, तिथं मी खाण्यापिण्याचा सल्ला द्यायला बसायची. दारावर रोगाचं नाव लिहिलेलं नव्हतं. तरी त्या बोळात वळताना बायका पदर पुढं ओढायच्या आणि गडीमाणसं उगाच मोबाईल कानाला लावायची. वस्ताद मात्र आले ते फेटा बांधून, पांढऱ्या धोतरात, मिरवणुकीत आल्यासारखे. कडेवर नात. वस्ताद आणि तेजू, दोन्ही नावं मी इथं बदलली आहेत. कोल्हापुरात नाव बदलून माणूस लपतो असं नाही, पण तेवढं तरी करावं.

तेजू नऊ वर्षांची होती आणि सहाची दिसत होती. हात प्लास्टरमध्ये. आई आणि बाप दोघंही लागोपाठ गेलेले. पेठेत 'कावीळ झालती' असं सांगितलेलं. आजी आधीच गेलेली. राहिले होते हे दोघंच, तालमीच्या मागच्या दोन खोल्यांत.

"कशी पडली?" डॉक्टरांनी विचारलं.

"उंबऱ्याला अडखळली."

"उंचावरून नाही?"

"उंबरा केवढा असतोय सायेब?" वस्ताद म्हणाले. "पोरं रोज अडखळत्यात. रडत्यात, उठत्यात, पळत्यात. हिचा हात वाळल्या शेंगंसारका कट करून वाजला. मी ऐकलाय आवाज."

तो आवाज हा माणूस पुढं कधीच विसरला नाही. बोलता बोलता मधेच थांबून ते मान वाकडी करायचे, जणू आतल्या खोलीत पुन्हा काहीतरी वाजलंय.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला. हाड पातळ होतं. हा विषाणू, सततची आजारपणं, खाल्लेलं अंगी न लागणं, जन्माला पुरणारी औषधं, सगळी मिळून वाढत्या पोराच्या हाडातलं कॅल्शियम पळवतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "वस्ताद, हाडं भरायचं हेच वय. आत्ता भरली तर भरली. नंतर जे काय असेल त्यावर तिला जन्म काढायचाय."

अर्ध्या पेठेच्या मांड्या ज्यांनी घडवल्या, ज्यांच्या तालमीत मातीत उतरलेली पोरं पुढं फौजेत आणि पोलिसांत गेली, ते वस्ताद त्या लोखंडी स्टुलावर बसून फेट्याच्या शेवाने मान पुसत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"परत मोडंल का?"

"मोडू शकतं."

पुढं दर भेटीला हाच प्रश्न आणि हेच उत्तर. उत्तर माहीत असूनही ते विचारायचे, आणि ऐकताना दर वेळी स्टुलाची कड घट्ट धरायचे.

मग ते माझ्या टेबलापाशी आले. मी तक्ता काढला. हा तक्ता मी स्वतः बनवला होता, रंगीत चित्रं चिकटवून, कुठल्याशा परदेशी मासिकातली. त्यात चीज होतं, सोयाबीनचं दूध होतं, आणि मधोमध ब्रोकोली. मी पट्टी लावून एकेक चित्र दाखवत गेले. वस्ताद ब्रोकोलीवर थांबले. बराच वेळ बघितलं. मग काळजीच्या सुरात म्हणाले, "बाई, ह्यो फ्लावर आजारी हाय का?"

तेजू हसली. मला तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. मी अर्थातच रागावले. विदुषी होते ना.

वस्तादांचा एक शब्दप्रयोग होता: "अंगाला लागंल का?" अन्नाबद्दल तर ते विचारतच, पण भजन ऐकून आले तरी म्हणत, "बुवाचा गळा गोड हाय, पर अंगाला लागंना." माझा तक्ता घडी घालून त्यांनी कोपरीच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "चित्रं झ्याक हायत. तेवडं अंगाला लागंल असं कायतरी सांगा की." मग मी नाचणी सांगितली, तीळ, अंडी, सुकट, दही, उकळलेलं दूध, सकाळचं ऊन. हे सगळं माझ्या आईनं मला कोर्स न करता खायला घातलं होतं.

ते सगळं करीत, पण त्यांच्या मापानं. तालमीत पैलवानाला खुराक घालायची त्यांना सवय. बदामाची थंडाई, तुपाची धार, मटणाचं अळणी पाणी. एवढुशा पोटात हे सगळं दाबून बसवायचं आणि वर संध्याकाळची गोळी. तेजू घास गालात धरून बसायची आणि आजोबांची पाठ फिरली की मोरीत जाऊन ओकायची. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा वस्ताद तिच्यासमोर उकिडवे बसून, फडात मल्लाला हाक द्यावी तशी हाक देत होते, "हां! गीळ! सोडू नगं! आला घास खाली! शाब्बास माझी वाघीन!"

"वस्ताद, ती जेवतेय, कुस्ती नाही करत," मी म्हटलं.

"तुमाला ठावं न्हाई बाई. हिची कुस्तीच हाय."

मी वाट्या लहान करायला लावल्या, तूप थांबवलं, दोनदाऐवजी थोडं थोडं पाच-सहादा द्या म्हटलं. ते त्यांना अपमानासारखं वाटलं. "चिमनीला घालतासा तसं?" म्हणाले. पण केलं.

गोळीची वेळ मात्र ते घड्याळाहून नेमकी पाळायचे. संध्याकाळी मातीत दोन पोरं गुंतलेली असली तरी वस्ताद एकदम उठायचे, "चालू द्या" म्हणून मागच्या दाराने जायचे. पोरांना वाटायचं, म्हातारा मारुतीला दिवा लावायला जातोय. ते गोळी द्यायचे, पाणी द्यायचे, म्हणायचे, "जीब दाव." तिनं जीभ दाखवली की, "वर कर." खालीही काही लपलेलं नाही हे बघून मगच परत यायचे. तालमीत सांगितलेलं होतं की पोरीला ताकदीच्या गोळ्या चालू आहेत. ते ऐकून एक उमदा मल्ल त्यांच्या मागंच लागला. "वस्ताद, मलाबी द्या की त्या. पुढल्या म्हैन्यात जोड हाय माजी."

"तुला न्हाई सोसायच्या त्या, मर्दा," वस्ताद म्हणाले. मला हे सांगताना ते हसत होते, पण हसता हसता त्यांची नजर दाराकडं गेली आणि आवाज खाली आला. "एकांद्या दिशी कुनाला तरी कळनार बाई. मग पोरीला कोन दारात हुबं करंना."

त्या पावसाळ्यानंतर तेजूला ताप येऊ लागला. यायचा, जायचा. पोट बिघडायचं, जरा बरं व्हायचं, पुन्हा बिघडायचं. प्लास्टर निघालं होतं, पण आतला हात काडीसारखा झाला होता. वजनकाट्याचा काटा मागं सरकायला लागला, तशी माझी झोप गेली. पोटात काही टिकत नसेल तर हाडात काय जाणार? डॉक्टर एकदा हळूच म्हणाले, "औषधं लागू पडेनाशी झाली की काय, बघायला पाहिजे. बदलावी लागतील." बदलायची म्हणजे अधिक जड औषधं, आणि त्यापुढं आमच्याकडं फारसं काही नव्हतं. वस्तादांना हे सांगावं लागलं नाही. आमचे चेहरे त्यांनी वाचले. समोरच्या मल्लाचा पुढचा डाव ओळखण्यात उभा जन्म गेलेला माणूस.

मी त्यांची उलटतपासणी घेतली. पाणी उकळता? "व्हय." भांडी झाकता? "व्हय." शिळं देता? "शिळं मी खातो." दूध उकळता का?

"घरात रोज उकळतंय की बाई. साय धरंपर्यंत."

ते खोटं बोलत नव्हते, आणि मीही आणखी काही विचारायचं सुचण्याइतकी शहाणी नव्हते.

त्याच सुमारास आमच्या ह्यांना साखर निघाली आणि डॉक्टरांनी सकाळी फिरायला सांगितलं. ह्यांच्या फिरण्याला कुठंतरी खाण्यापिण्याचं ठिकाण असल्याशिवाय दिशा सापडत नाही. तसे एका सकाळी आम्ही दूधकट्ट्यावर पोचलो. बाहेरगावच्यांना सांगावं लागतं: आमच्याकडं चौकात म्हशी आणून बांधतात, गिऱ्हाईक समोर उभं राहतं, आणि गवळी त्याच्या देखत थेट पेल्यात धार काढतो. फेसाचा डोंगर, ऊन ऊन पेला, तसाच तोंडाला. पैलवानच नाहीत, वकील, मास्तर, रिक्षावाले, सगळे. कोल्हापूरच्या माणसाला लहानपणी बापानं इथं आणून पहिला पेला पाजलेला असतो, आणि ते तो बारशासारखं सांगतो.

तिथं मी वस्तादांना पाहिलं. कट्ट्यावर तेजूला उभी केली होती, एका हातानं पाठीला आधार, दुसऱ्या हातात पेला, आणि तिच्या ओठांवर फेसाच्या मिशा.

"वस्ताद!" मी ओरडले. "थांबा! देऊ नका!"

सगळा कट्टा वळला. म्हैससुद्धा वळली. गवळ्याचे हात आचळावर थांबले. आणि मी, सगळ्या गावाला दुधाचे गुणदोष समजावून सांगू शकणारी मी, तोंड उघडून उभी राहिले, कारण पुढचं वाक्य उच्चारता येणार नव्हतं. कच्च्या दुधातले जंतू धडधाकट माणूस एखादवेळी पचवतो. ह्या पोरीला ते पचवता येत नाहीत, कारण. त्या 'कारण'च्या पुढं वस्ताद माझ्याकडं बघत होते. एवढा आडदांड माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत अशी भीती मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

"का वो म्याडम?" गवळ्यानं विचारलं. "काय झालं?"

"तिची परीक्षा आहे!" मी म्हटलं.

विदुषी.

"परीक्षेला दूध चालत न्हाई व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. "तरीच आमी नापास!" आणि कट्टा हसला. त्या हशात वस्तादांनी तेजूच्या तोंडाशी धरलेला पेला मागं घेतला, एका दमात स्वतः रिकामा केला, मिशा पुसल्या, आणि तिला कडेवर घेऊन पलीकडच्या बंद दुकानाच्या फळीपाशी गेले. मी मागोमाग.

मी कुजबुजत सांगितलं. कासेवरचे, हातावरचे, जनावराच्या आजाराचे जंतू. उकळल्यावर मरतात. ताज्या धारेत जिवंत असतात. ते ऐकत राहिले. मधे एकदाच म्हणाले, "माझ्या बापानं मला हितंच आनलंतं." आणखी थोडं ऐकलं. मग तेजूच्या डोक्यावरून हात फिरवत, माझ्याकडं न बघता विचारलं, "म्हंजे तो ताप मीच पाजत हुतो व्हय हिला?"

मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही, तपासू, पण आजपासून बंद. त्यांनी मान हलवली. तेजू म्हणाली, "आज्जा, माजी कुटली परीक्षा हाय?"

"हाय एक," वस्ताद म्हणाले.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही, ते आमच्या ह्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे एकटेच फिरायला गेले आणि हसत परत आले. मी स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होते. म्हणाले, "अगं, तुझे ते सर्जेराव वस्ताद संपले बघ. आज कट्ट्यावर किटली घेऊन आले. किटली! गवळ्यानं नेहमीसारखा पहिला पेला पुढं केला, तर म्हणतात, 'न्हाई, हितं नगं. किटलीत घाल. घरी न्हिऊन उकळून पितो.' गवळी म्हणाला, 'थट्टा करता का वस्ताद?' तर काय सांगावं, भर कट्ट्यावर म्हणाले, 'माजं पोट गेलं. कच्चं सोसत न्हाई आता मला.' हा माणूस! एकेकाळी बादलीनं प्यायचा!"

हे हसत राहिले. मला त्यांना काही सांगायची मुभा नव्हती. केंद्रातलं केंद्रातच ठेवायचं अशी शपथ असते, नवऱ्यालाही सूट नाही. मी आमटीवर वाकून राहिले. हे म्हणाले, "एवढी काय मोहरी उडाली डोळ्यांत?"

ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांना त्यात काय एवढं असं वाटेल. पैलवान म्हातारा होतो, गुडघे जातात, कान सुजून गड्डे होतात, त्याची कुणी चेष्टा करत नाही. पण वस्तादाचं पोट गेलं म्हणजे सगळंच गेलं. ज्याला दूध पचत नाही त्यानं पोरांना काय शिकवायचं? आठवड्याभरात पेठेत त्यांचं नाव पडलं, 'उकळ्या वस्ताद'. शेजारच्या तालमीतली पोरं जाता जाता मोठ्यानं विचारायची, "वस्ताद, दुधात हळद घालू का वो?" त्यांच्या तालमीतली दोन चांगली पोरं दुसरीकडं गेली. वस्ताद दारात किटली घासत बसायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, "दुसरं काही कारण सांगायचं होतं. माझं नाव घ्यायचं. ती चार्टवाली बाई मागं लागलीय म्हणायचं."

"तुमचं नाव घेटलं की लोक इचारनार, तुमी कुठं बसतासा," ते म्हणाले. "माजं पोट बरं. त्ये काय कोन उगडून बगतंय?"

ताप गेला. तपासण्या झाल्या, दुधाशिवाय शाळेतल्या पाण्याचाही थोडा दोष निघाला, औषधं बदलावी लागली नाहीत. नाचणीची आंबील, अंडं, सुकटीची चटणी, उकळलेलं दूध, आणि गच्चीवरचं ऊन. ऊन देतानाही वस्ताद तिच्या शेजारी उभे राहून फक्त तिच्या डोक्यावर छत्री धरायचे. उरलेलं अंग उन्हात. खालून जाणारे लोक वर बघायचे. 'उकळ्या वस्ताद नात वाळवतोय,' म्हणायचे. काटा पुढं सरकला. हिवाळ्यात काढलेला हाडाचा फोटो डॉक्टरांनी आधीच्या शेजारी धरला आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज सैल झाला.

"सुधारतंय. आता हिला पळू द्या, वस्ताद. दोरीवरच्या उड्या मारू द्या. हाडावर भार पडल्याशिवाय हाड भरत नाही. नुसतं खाऊन होणार नाही."

वस्तादांनी मान हलवली. हाच उपदेश ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना करत आले होते. मग विचारलं, "परत मोडंल का?"

"जपून बसवलं तर नक्की मोडेल, कधीतरी," डॉक्टर म्हणाले.

हे त्यांना पटलं, पण झेपलं नाही. ते तेजूला शाळेत खांद्यावरून न्यायचे, शाळेतून खांद्यावरून आणायचे. खेळाच्या तासाला बाईंना सांगून बसवून ठेवायचे. घरात ती चालली की वस्ताद दोन्ही हात पसरून मागं, कोंबडी धरायला निघाल्यासारखे. मैत्रिणीची दोरी तिनं चोरून आणली होती, ती त्यांना सापडली. ओरडले नाहीत. घेतली आणि माळ्यावर टाकली. मी त्यांना समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. "व्हय, बरोबर हाय तुमचं," म्हणायचे, आणि जिना उतरताना तिला उचलून घ्यायचे.

शेवटी तेजूनंच डाव टाकला. तिनं जेवण सोडलं.

मला निरोप आला तेव्हा दुपार होती. गेले तर ताटात भाकरी, वाटीत पिठलं, पेल्यात दूध, आणि समोरासमोर दोघं. वस्तादांचा फेटा सुटून खांद्यावर आलेला.

"सकाळधरनं पोटात कन न्हाई बाई. सांगा हिला. ह्येच ते अंगाला लागायचं वय, सांगा."

"उडी मारू देनार असशील तर जेवतो," तेजू म्हणाली. आजोबांकडं वाढल्यामुळं ती पोरासारखं बोलायची.

"आदी जेव."

"आदी उडी."

"अगं खुळे, पडलीस तर?"

"तुझी पोरं रोज पडत्यात की तालमीत. त्यास्नी तूच पाडतोस."

"ती येगळी."

"का येगळी?"

वस्तादांनी सुटलेला फेटा खांद्यावरून ओढून मांडीवर घेतला. तिला सगळं सांगितलेलं नव्हतं, पण ती किती जाणते हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मग ते पडल्या आवाजात म्हणाले, "एक उडी. मी म्हनंन तितं. मी म्हनंन तवा." आणि तिनं भाकरी मोडली, खाता खाता म्हणाली, "आनि शाळेतला खेळ."

"त्ये उडी बगून."

त्यानंतरची एकच भेट मला सांगायचीय. त्या भेटीच्या पुढच्याच आठवड्यात मी मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले. बाळंतपण लांबलं, आणि परत आले तेव्हा तालमीच्या भिंतीवर वस्तादांच्या फोटोला हार होता. झोपेत गेले म्हणाले. तेजूला हुपरीची मावशी घेऊन गेली होती. तिथं घरोघर पैंजणं घडतात, ती त्यात वाढली. आता कमावती आहे, संध्याकाळची गोळी चुकवत नाही, आणि माझ्याहून उंच आहे. यात फार काही नाही, मी ठेंगणीच. हे लिहू का म्हणून मी तिला फोन केला. म्हणाली, "लिवा की आज्जी. पर त्यांला उकळ्या का म्हनत हुते त्ये नीट लिवा."

तर ती भेट. तालमीची माती बदलायची होती. नवीन तांबडी माती ट्रॉलीनं आणून दारासमोर ओतली होती. तेल, ताक, हळद घालून ती आत न्यायची, त्याच्या आधीचा दिवस. वस्तादांनी मला बोलावणं पाठवलं. "तुमी या. काय झालंच तर दवाखान्यात तुमची वळख हाय."

गेले तर ते मातीच्या ढिगाशेजारी चाळण घेऊन बसलेले, अंगभर तांबडे. सकाळपासून माती चाळत होते. खडा सोडाच, खड्याएवढं ढेकूळही शिल्लक ठेवलं नव्हतं. चाळलेली माती हातानं पसरली, तिच्यात कोपरापर्यंत हात घालून बघितला. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून स्वतः तालमीच्या कट्ट्यावर चढले आणि धोतर सावरून उडी मारली. घोट्यापर्यंत रुतले. दोघा पोरांनी ओढून काढलं.

"बरी हाय," म्हणाले. "आता तू."

तेजू कट्ट्यावर उभी राहिली. फार उंच नव्हता, माझ्या कमरेइतका. तिनं हात मागं घेतले, गुडघे वाकवले.

"थांब!" वस्ताद म्हणाले. ती थांबली. त्यांनी पुढं होऊन तिची झग्याची नाडी बांधली. मागं सरले. पुन्हा पुढं झाले, आणि काहीच न करता मागं सरले. मग समोरच्या घराच्या भिंतीकडं वळले आणि शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे, नाक भिंतीला लावून उभे राहिले.

"मार," ते भिंतीला म्हणाले.

धप्प असा आवाज झाला. मऊ. त्यात दुसरा कुठलाही आवाज नव्हता, पण त्यांचे खांदे कानांपर्यंत वर गेले.

"बाई," त्यांनी विचारलं, "पडली?"

मी बोलणार तोवर तेजूच म्हणाली, "उभी हाय की मी आज्जा! फिर की हिकडं!"

ते फिरले नाहीत. दोन्ही तळवे भिंतीवर टेकून तसेच उभे राहिले.

"आदी पाय हालवून दाव," भिंतीकडं तोंड करून वस्ताद म्हणाले.

तेजूनं माझ्याकडं बघितलं, मातीतून एक पाय उपसला, हलवला. मग दुसरा. त्यांच्या पाठीला ती निमूटपणे दाखवत राहिली.